मोटोक्रॉसचं गिअर मापात कसं बसवायचं

माझ्याकडे मोटोक्रॉस, म्हणजे खडबडीत मातीच्या ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत, शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी गाडीवर बसवण्याआधी टेपसमोर उभं करते. पुष्कळांना ते कंटाळवाणं वाटतं. नवीन गिअर, म्हणजे अंगावरचं संरक्षक सामान, घालूनच ते आलेले असतात. हेल्मेटपासून बुटापर्यंत रंग जुळलेले असतात, पाठीवर नंबरही छापलेला असतो, पण गुडघ्यावरचं गार्ड दोन बोटं खाली घसरलेलं असतं. असा माणूस पडला तर जमीन लागते गुडघ्याच्या वाटीला, आणि गार्ड राखत बसतं नडगी. म्हणून माझा आग्रह मापासाठी असतो. रंग, कंपनी, डिझाइन हे सगळं त्यानंतर.

दुसरा आग्रह असा की माप बघायचं ते गाडीवरच्या ठेवणीत. मोटोक्रॉसमध्ये आपण बराच वेळ पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे असतो: गुडघे वाकलेले, कमरेतून पुढे झुकलेले, कोपरं बाहेर काढलेली, नजर वर. शरीर असं दुमडलं की कपडा पाठीवर ओढला जातो, गुडघ्यावर ताणला जातो, पोटाशी गोळा होतो. आरशासमोर ताठ उभं राहून छान बसलेलं गिअर पहिल्या दोन वळणांत टोचायला लागतं, आणि उलट गाडीवर उत्तम बसणारी पँट आरशात गबाळी दिसते. तेव्हा काहीही घालून बघताना लगेच ती ठेवण घ्या आणि तशाच अवस्थेत मिनिटभर थांबा.

आधी मापं घ्या

कापडी टेप, कोरा कागद, पेन्सिल आणि मदतीला एक माणूस, एवढं पुरतं. स्वतःचं माप स्वतः घेताना हात वर जातो, अंग वळतं आणि आकडा बदलतो. मापं सेंटिमीटरमध्ये लिहा. पँटच्या कमरेचा आकडा मात्र कंपन्यांच्या बहुतेक साइझ-तक्त्यांत इंचात असतो: ३२ इंच म्हणजे ८१ सेंटिमीटर. जीन्सच्या लेबलवरचा आकडा इथे वापरू नका. लेबलवर ३२ लिहिलेल्या जीन्सची कंबर टेपने मोजली तर बऱ्याचदा त्याहून मोठी निघते.

एका कंपनीचं मीडियम आणि दुसऱ्या कंपनीचं मीडियम यांचा एकमेकांशी संबंध नसतो. म्हणून “मी एल घालतो” हे वाक्य विसरा. तुमचे आकडे हीच तुमची साइझ, आणि दर वेळी त्या त्या वस्तूचा तक्ता समोर ठेवून ती ठरवायची.

घालून बघण्याचा क्रमही सांगते, कारण तिथेच जास्त गोंधळ होतो. आतून बाहेर जायचं: आधी लांब मोजे, मग गुडघ्याचं गार्ड किंवा ब्रेस (बिजागरीची चौकट), मग पँट, मग बूट. वरच्या अंगाला आधी छातीचं संरक्षण, मग जर्सी, मग नेक ब्रेस (मानेभोवतीचं कडं), मग हेल्मेट आणि गॉगल. चेस्ट प्रोटेक्टर जर्सीवरून घालणार असाल तर त्या दोघांची अदलाबदल करा. पँट आधी घेतली आणि गुडघ्याचे ब्रेस नंतर, की ब्रेस पँटमध्ये मावत नाहीत आणि शेवटी माणूस ब्रेस न घालताच चालवतो.

हेल्मेट

टेप भुवयांच्या साधारण अडीच सेंटिमीटर वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. थोडं वरखाली करून तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा.

नुसत्या घेराने मात्र काम भागत नाही. डोक्याचा आकारही लागतो. वरून पाहिलं तर काही डोकी जवळजवळ गोल असतात, काही मध्यम लंबगोल, काही पुढून मागे चांगलीच लांबट. सारख्याच घेराच्या दोन माणसांना एकच हेल्मेट सारखं बसत नाही ते यामुळे. ओळखायची खूण सोपी आहे. हेल्मेट वीस मिनिटं घालून काढा आणि आरशात बघा. कपाळाच्या मधोमध लाल ठसा आणि कानशिलांपाशी पोकळी असेल, तर तुमचं डोकं त्या हेल्मेटपेक्षा लांबट आहे. कानशिलं दुखत असतील आणि कपाळापुढे बोट जात असेल, तर उलट. दोन्ही वेळा उपाय एकच: दुसऱ्या आकाराचं मॉडेल. दुखतंय म्हणून एक साइझ मोठं घेतलं की दुखणं थांबतं, पण हेल्मेट डोक्यावर फिरायला लागतं.

नवीन हेल्मेट घट्टच वाटायला हवं. गाल थोडे वर दाबले गेले पाहिजेत. आतलं स्पंज वापराने दबतं आणि काही आठवड्यांत थोडी ढील येते. पहिल्या दिवशी मऊ, मोकळं वाटणारं हेल्मेट महिन्याभरात सैल होणार हे धरून चाला. गालांचे पॅड अनेक मॉडेलांत वेगळ्या जाडीचे मिळतात. डोक्याला नीट बसलंय आणि फक्त गालांपाशी सैल किंवा फार घट्ट आहे, तर पॅड बदला.

आता दोन चाचण्या. हनुवटीपुढचा भाग दोन्ही हातांनी धरून हेल्मेट डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली हलवा. डोकं स्थिर ठेवा. कपाळाची आणि गालांची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट तिच्यावरून घसरतंय, तर ते मोठं आहे. मग पट्टा आवळा, मान खाली घाला आणि मदतीच्या माणसाला हेल्मेटची मागची कड वर आणि पुढे ढकलायला सांगा. जोर लावूनही ते डोक्यावरून सुटता कामा नये. सुटलं तर ते हेल्मेट परत ठेवा, कितीही आवडलेलं असलं तरी.

सैल हेल्मेटच्या आत टोपी किंवा जाड रुमाल घालून जागा भरणारे लोक मी पाहते तेव्हा मला खरोखर काळजी वाटते. कवचाच्या आत थर्मोकोलच्या जातीचा जो थर असतो, तो धक्क्याने चिरडला जाऊन जोर शोषतो. हेल्मेट आधीच डोक्यावरून सरकलं तर तो थर जिथे हवा तिथे राहतच नाही. ईसीई २२.०६ (युरोपीय) किंवा डॉट (अमेरिकन) यांसारख्या सुरक्षा मानकांच्या चाचण्यासुद्धा त्या मापाचं नमुन्याचं डोकं घालूनच होतात. तुमच्या डोक्यावर ते सैल असेल तर त्या शिक्क्याचा उपयोग तेवढाच कमी झाला.

लांब केस असलेल्या मुलींना मी खाली मानेशी सैल वेणी घालायला सांगते. अंबाडा किंवा उंच पोनीटेल हेल्मेट वर उचलतं. वेणी घालूनच माप घ्या आणि वेणी घालूनच हेल्मेट बघा.

गॉगल हेल्मेटबरोबरच बघायचा. त्याचं फोम कपाळ, गाल आणि नाकाच्या कडेने सगळीकडे टेकलं पाहिजे, आणि हेल्मेटच्या खिडकीत फ्रेम कुठेही दाबली जाता कामा नये. फ्रेम खाली ढकलली गेली की नाक चिमटतं आणि वरून धूळ येते. चष्मा असेल तर चष्म्यावरून घालता येणारी फ्रेम मिळते, तिच्या कडांना काड्यांसाठी खाचा असतात. तीच घ्या.

गुडघे

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. मोटोक्रॉसमध्ये वळणात पाय बाहेर काढावा लागतो, तो जमिनीत अडकतो, पिळला जातो, आणि सांध्याचे अस्थिबंध (लिगामेंट) ताणले जातात. गार्ड म्हणजे आघातापासून वाचवणारी ढाल. ब्रेस म्हणजे दोन्ही बाजूंना बिजागरी असलेली चौकट, गुडघा उलट्या दिशेला वाकू नये म्हणून. दोघांचं माप वेगळ्या रीतीने घेतात.

ब्रेससाठी पाय सरळ पण स्नायू सैल ठेवा. वाटीच्या मध्यावर पेन्सिलने खूण करा. तिथून १५ सेंटिमीटर वर मांडीचा घेर आणि १५ सेंटिमीटर खाली पोटरीचा घेर घ्या. काही कंपन्या गुडघ्याची रुंदीही मागतात आणि काहींचं अंतर थोडं वेगळं असतं, म्हणून तक्त्यावरचं चित्र आधी नीट बघा. दोन्ही पायांची मापं घ्या. ज्या पायाला आधी इजा झाली होती तिथली मांडी बऱ्याचदा बारीक असते.

घालताना गुडघा थोडा वाकवा. बिजागरी वाटीच्या पातळीत आली पाहिजे, आणि बाजूने पाहिलं तर पायाच्या मध्यरेषेच्या किंचित मागे. मग आधी पोटरीच्या वरचा पट्टा आवळा. पोटरीचा फुगवटा ब्रेसला खाली घसरू देत नाही आणि बाकीचे पट्टे त्या आधारावर बसतात. पट्टे लावायचा क्रम कंपनीने आकडे घालून दिलेला असेल तर तोच पाळा. आता दहा-बारा उठाबशा काढा, जिना चढा-उतरा. बिजागरी बोटभराहून जास्त सरकली तर साइझ मोठी आहे किंवा आतला पॅड पातळ आहे. डावा-उजवा तपासा, ते वेगळे असतात. ब्रेसच्या आत लांब पातळ मोजा किंवा स्लीव्ह घालणार असाल तर माप त्याच्यावरूनच घ्या.

गार्ड घेताना लेबल वाचा. युरोपीय मानक ईएन १६२१-१ मध्ये ए आणि बी असे दोन प्रकार आहेत. बी प्रकार जास्त भाग झाकतो, ए कमी. दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच साइझचे असू शकतात. त्याच लेबलवर लेव्हल १ किंवा २ लिहिलेलं असतं: चाचणीत लेव्हल १ च्या गार्डमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर आरपार जाऊ दिला जातो, लेव्हल २ मधून २० पर्यंतच. उंच माणसाने ए प्रकार घेतला तर वाकलेल्या गुडघ्यावर वाटीची वरची कड उघडी पडू शकते. खुर्चीवर बसून, गुडघा काटकोनात ठेवून बघा. तरीही वाटी पूर्ण झाकलेली हवी.

पँट

कंबर मोजायची ती पँट जिथे बसते तिथे, म्हणजे बेंबीच्या थोडी खाली. आत जे घालणार आहात ते घालूनच. मग गुडघ्यांवर गार्ड चढवून पँट घाला आणि पेगवरची ठेवण घ्या. मागून कंबर खाली उतरता कामा नये, गुडघ्यावर कापड तणाणता कामा नये, आणि जांघेत ओढ वाटता कामा नये. गुडघ्याच्या आतल्या बाजूला चामड्याचा किंवा जाड तुकडा असतो. तो इंजिन आणि सायलेन्सरच्या उष्णतेसाठी आणि गाडी पकडण्यासाठी असतो. वाकल्यावर तो बरोबर गुडघ्याच्या आतल्या बाजूला आला पाहिजे.

ताठ उभं राहिल्यावर मागे कापड सैल लोंबतं आणि गुडघे फुगलेले दिसतात. ते बरोबर आहे, कापच तसा असतो. लांबी जीन्सच्या मानाने आखूड दिसेल, तेही बरोबर. खालची टोकं बुटात जातात, आणि तिथे गोळा झालेलं कापड नडगी सोलून काढतं. कमरेला बाजूला पट्ट्या असतात. त्या मधल्या जागी असताना पँट नीट बसली, तर दोन्हीकडे वाव राहतो.

मुलींनी नितंबांचा घेरही मोजावा. पुरुषांच्या कापाची पँट कमरेला बसली तर मागे आवळते, आणि मागे बसली तर कमरेला उघडी राहते. स्त्रियांच्या मापाची पँट मिळत असेल तर आधी ती घालून बघा. नाही मिळाली तर नितंबांच्या मापाने घ्या आणि कंबर पट्ट्यांनी आवळा.

बूट

संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडे फुगतात. कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवा, पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. काहींचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा त्याच्यापाशी. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. एकाच अमेरिकन नंबरसमोर वेगवेगळ्या कंपन्या वेगळे युरोपीय नंबर देतात, त्यामुळे तक्त्यातला सेंटिमीटरचा रकाना हाच खरा.

जाड लांब मोजे घालून बूट चढवा आणि सगळी बक्कलं लावा. ताठ उभं असताना लांब बोट पुढे जेमतेम टेकलं तरी चालेल. गुडघे वाकवल्यावर टाच मागे बसते आणि बोटं मोकळी झाली पाहिजेत. मग जिन्याच्या पायरीच्या कडेवर, पेगवर उभं राहतात तसं तळव्याच्या मध्यावर उभे राहा, पुढे झुका. बोटं पुढे आपटत असतील तर उतारावर ब्रेक लावताना नखं काळी पडणार.

नवीन बूट कडक असतो, त्यामुळे चालताना टाच जराशी उचलली जाते. ती थोडीच असावी. घोट्यापाशी बिजागरी असलेला बूट असेल तर ती घोट्याच्या हाडासमोर यायला हवी. वर किंवा खाली आली तर पाय वाकेल एका ठिकाणी आणि बूट दुसऱ्या ठिकाणी. कडकपणा घालवण्यासाठी मोठा नंबर घेऊ नका. घरात रोज अर्धा तास घालून बसा, उठा, वाका. पोटरीवरचं बक्कल शेवटच्या खाचेत कसंबसं लागत असेल, तर लांब पट्टे वेगळे मिळतात का ते विचारा. ब्रेस वापरणाऱ्यांनी ब्रेस घालूनच हे बघावं, कारण ब्रेसचा खालचा भाग बुटाच्या तोंडात शिरतो.

साध्या बुटातून मोटोक्रॉसच्या बुटावर आलात की गिअरच्या लिव्हरखाली पाय जात नाही, कारण पुढचा भाग जाड असतो. त्यात बुटाची साइझ चुकलेली नसते. लिव्हर तिच्या दातेरी दांड्यावर एक दात वर सरकवा.

छाती, पाठ, मान

पाठीच्या संरक्षणाचं माप उंचीवरून ठरवू नका. खांदा मानेला मिळतो तिथपासून पाठीवरून कमरेपर्यंतचं अंतर मोजा. ईएन १६२१-२ च्या लेबलवर हेच अंतर सेंटिमीटरमध्ये छापलेलं असतं. सारख्या उंचीच्या दोन माणसांत एकाचं धड लांब आणि दुसऱ्याचे पाय लांब असू शकतात. छातीचं कवच घेताना हेही बघा की ते फक्त उडणाऱ्या दगडांसाठी आहे की आघातासाठी. दगडांचं मानक ईएन १४०२१, आघाताचं ईएन १६२१-३. दिसायला दोन्ही सारखीच असू शकतात.

ठेवण घेतल्यावर कवचाची खालची कड मांडीत घुसू नये आणि वरची कड हनुवटीला लागू नये. नेक ब्रेस असेल तर तो कवचात बसतो का ते दोन्ही एकत्र घालूनच कळतं. हेल्मेट चढवून मान सगळीकडे फिरवा. रोजच्या हालचालीत हेल्मेट आणि ब्रेस आपटता कामा नयेत, पण मान फार मागे किंवा बाजूला गेली की हेल्मेटची कड ब्रेसवर टेकली पाहिजे. त्यासाठीच तो असतो.

ग्लोव्हज आणि जर्सी

अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळहाताचा घेर मोजा, ज्या हाताने लिहिता त्या हाताचा. आकड्यांच्या साइझमध्ये ८ म्हणजे साधारण २० सेंटिमीटर, ९ म्हणजे २३, १० म्हणजे २५. घालून मूठ आवळा, शक्यतो खऱ्या ग्रिपवर. बोटांची टोकं दाबली गेली तर लहान. तळहातावर कापडाची घडी पडली तर मोठा, आणि त्याच घडीखाली फोड येतो. एका बोटाने क्लच ओढून बघा: टोकाशी रिकामं कापड लिव्हरमध्ये अडकायला नको.

जर्सीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मनगटापासून कोपरापर्यंत मोकळी हवी. चालवताना तिथले स्नायू फुगतात, आणि घट्ट बाहीने हात लवकर भरून येतो. पुढे झुकल्यावर बाही मनगट सोडत नाही आणि पाठ उघडी पडत नाही एवढं बघा.

मुलांसाठी

आईवडिलांचं म्हणणं मला समजतं: मूल वाढतं, गिअर महाग असतं. पँट आणि जर्सी थोडी मोठी घ्या, कमरेच्या पट्ट्या आहेतच. बुटात बोटभर जागा ठेवायला हरकत नाही. हेल्मेट, गुडघ्याचं संरक्षण आणि छातीचं कवच मात्र आजच्याच मापाचं हवं. मोठ्यांचं सगळ्यात लहान हेल्मेट मुलाला घेरात बसलं तरी मुलांचं हेल्मेट बऱ्याचदा हलकं असतं, आणि मोठ्यांच्या हेल्मेटचं ओझं लहान मानेला जाणवतं. दोन्ही हातात घेऊन तोला. वाढत्या मुलांची मापं दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा घ्या.

वापरलेलं गिअर घेणार असाल तर पँट, जर्सी, कवच चालेल. हेल्मेट घेऊ नका. आतला थर आधीच चिरडलेला आहे का हे बाहेरून कळत नाही. बूट घेतलात तर आतला तळ बदला, आधीच्या पायाचा साचा त्यात बसलेला असतो.

शेवटची चाचणी गाडीवर

गाडी स्टँडवर घ्या, इंजिन बंद. सगळं गिअर चढवा आणि मदतीच्या माणसाला गाडी धरायला सांगा. पेगवर उभे राहा, मग सीटच्या पुढच्या टोकाला सरका, डावा पाय वळणात काढतात तसा पुढे लांब करा, मग उजवा. क्लच, ब्रेक, गिअर सगळं चालवा. खांद्यावरून मागे बघा. दहा-पंधरा मिनिटं हेच करत राहा.

कुठे टोचतंय ते आता कळेल, आणि दोष कुठे आहे तेही शोधता येईल. पाय पुढे काढताना गुडघा अडत असेल तर पँट काढून फक्त ब्रेसवर तीच हालचाल करा. अडकणं गेलं तर पँट बदलायची, नाही गेलं तर ब्रेस. मान वर करताना हेल्मेट मागे अडत असेल तर नेक ब्रेस काढून बघा, मग पाठीचं कवच काढून. एका वेळी एकच वस्तू काढा आणि वस्तू परत करण्याची मुदत संपण्याआधी हे उरका. तोपर्यंत लेबलं कापू नका आणि चिखलात जाऊ नका.